ड्रमनारीचा सोजीर

डेक्लननं गेट उघडलं नाही. वरच्या लोखंडी दांड्यावर दोन्ही हात टेकवून तो पलीकडे उभा राहिला. कल्याणी गाडीतून उतरून जवळ आली तरी त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो गाडीचा नंबर वाचत होता.

"नीव्ह आहे का घरी?" कल्याणीनं विचारलं. "तिनं आम्हाला अकराला बोलावलंय. मी कल्याणी गजभिये. लंडनहून आलोय, मी आणि माझे वडील."

"नीव्ह माझी मुलगी," तो म्हणाला. उत्तर आयर्लंडमधल्या टायरोनकडचं त्याचं इंग्रजी तिला एकदम उमगत नव्हतं, पण हे उमगलं. "तिनं बोलावलं असेल. घर माझं आहे. मी कुणाला बोलावलेलं नाही."

"तुम्ही डेक्लन ना? तुमची आई आणि माझी आजी सख्ख्या चुलतबहिणी. डीएनए टेस्टमध्ये मॅच आलीय, नीव्हनं सांगितलं असेल तुम्हाला."

"माझ्या आईला चुलतबहीण नव्हती."

त्यानं खिशातून फोन काढून गाडीच्या नंबराचा फोटो घेतला. मग तिचा घेतला. मग थोडं वाकून, पुढच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्याचा घेतला.

"गेल्या महिन्यात असेच दोघं आले होते," तो म्हणाला. "सर्व्हे करतोय म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची क्वाड बाइक गेली."

"आम्ही चोर वाटतो का तुम्हाला?"

"मी तसं म्हणालो नाही. मी म्हणतोय, जा."

कल्याणी गाडीत येऊन बसली. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. सुभाष गजभिये, वय चौऱ्याहत्तर, समोर बघत बसले होते. त्यांनी पट्टासुद्धा सोडला नव्हता.

"झालं समाधान?" ते म्हणाले.

"माझा चूक झाला, बाबा. बास?"

"माझी चूक. चूक स्त्रीलिंगी असते. पंचेचाळीस वर्षांची झालीस."

तिनं गाडी इतक्या जोरात मागे घेतली की मागचं चाक गटारात जाता जाता राहिलं. डेक्लन गेटवरून हलला नाही.

हे सगळं सुरू झालं लंडनमधल्या हाउन्सलोतल्या एका ऑफिसात. कल्याणी विमानतळाजवळच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत कस्टम्सची कागदपत्रं बघायची. ख्रिसमसला ऑफिसातल्या कुणीतरी तिला ते थुंकी तपासायचं किट भेट दिलं. तिनं गंमत म्हणून नळीत थुंकून पाठवून दिलं. दोन महिन्यांनी निकाल आला, त्यात बारा टक्के आयरिश. लॅबची चूक असणार असं वाटून ती रविवारी वडिलांकडे जेवायला गेली आणि हसत हसत सांगितलं. बाबांनी ताट बाजूला सारलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

पन्नास वर्षं ते या देशात होते. विमानतळावर सामानाचे पट्टे दुरुस्त करण्यात जन्म गेला, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांत, आमटी निवेपर्यंत.

त्यांची आई सिंधुबाई नागपूरजवळच्या कामठीची. कामठीत इंग्रजांची छावणी होती. सिंधुबाईची आई पार्वता एका गोऱ्या सार्जंटाच्या घरी मुलं सांभाळायची. १९२१ साली तिला मुलगी झाली. बाप होता पलटणीतला एक आयरिश शिपाई, ह्यू मॅकअलीर. पार्वता महार. मिशनमध्ये पोरीला दूध मिळेल म्हणून तिनं चॅपलमध्ये नाव नोंदवलं आणि तिथल्या पाद्रीनं बापाचं नाव विचारून वहीत लिहिलं. पुढच्या वर्षी पलटण परत गेली. आयरिश पलटणीच मोडल्या. ह्यू गेला तो गेला. गावातल्या वरच्या जातींनी सिंधुबाईला महार म्हणून लांब ठेवलं, आणि तिच्या स्वतःच्या बस्तीत बायका तिला 'सोजिराची' म्हणायच्या. गोऱ्या शिपायाला सोजीर म्हणत तेव्हा. तिचे डोळे घारे होते. नळावर भांडण झालं की पहिला शब्द तोच निघायचा.

"छप्पन साली आई दीक्षाभूमीवर गेली," बाबा म्हणाले. "मी पाच वर्षांचा होतो, तिच्या कडेवर. परत येताना म्हणाली, आता मी कुणाची नाही. ना त्यांची, ना सोजिराची. तो विषय तिनं तिथं संपवला. तू कायले उकरून काढते?"

पण कल्याणीचा धंदाच कागद माणसापर्यंत पोचवायचा. वेबसाइटवर तिला सगळ्यांत जवळची मॅच दिसली ती ब्रीड नावाच्या बाईची, वय चौऱ्याऐंशी, उत्तर आयर्लंड, काउंटी टायरोन, गाव ड्रमनारी. खातं चालवत होती तिची नात नीव्ह. नीव्ह उत्साहानं लिहायची, लांबलांब मेसेज, शेवटी तीन-तीन उद्गारचिन्हं. तुम्ही याच, ती म्हणाली. जूनमध्ये या.

"मी येणार," बाबा अचानक म्हणाले. "मला मुळंबिळं शोधायची नाहीत. त्या घरात उभं राहून मला एवढंच म्हणायचंय की माझी आई होती. नऊ वर्षांची असताना तिची माय मेली आणि ती होती."

म्हणून ते आले होते.

गावाबाहेर पेट्रोल पंपाला लागून एक दुकान होतं. चहा घ्यायला ते तिथं थांबले. सकाळी बाजाराच्या मोठ्या गावातून येताना कल्याणीनं ओळीनं चार घरांच्या खिडक्यांत एकच छापील पाटी पाहिली होती, 'इथे स्थानिक राहतात'. बाबांना दिसू नये म्हणून तिनं तेव्हा उगीच रस्त्याबद्दल काहीतरी विचारलं होतं. आता काउंटरपाशी रांगेत मागे उभा असलेला एक माणूस बाबांना म्हणाला, "मीट फॅक्टरीत कामाला का?"

"नाही," बाबा म्हणाले. "रिटायर्ड."

"मग इथं काय?"

"चहा."

माणूस हसला नाही. "आणि जाणार कधी?"

काउंटरवरच्या मुलीनं मान खाली घालून झाकणं लावली. बाबांनी दोन्ही कप उचलले, त्या माणसाकडे पूर्ण वळले आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "चहा संपला की."

गाडीत बसल्यावर मात्र त्यांना कपाचं झाकण उघडेना. कल्याणीनं उघडून दिलं.

"परत जाऊ या," ती म्हणाली. "संध्याकाळच्या फ्लाइटला जागा असेल. आय ॲम सॉरी, बाबा."

"कबरस्तान कुठं आहे?"

"कशाला?"

"आलोय तर बघू."

चॅपल टेकडीवर होतं आणि त्याच्याभोवती कबरी. मॅकअलीरांचा दगड सापडायला वेळ लागला नाही. काळा, चकचकीत, नवा करून घेतलेला. त्यावर आईबाप, मग त्यांचा मुलगा फेलिक्स, त्याची बायको, लहानपणी गेलेल्या दोन मुली. ह्यू नव्हता. कल्याणीनं आजूबाजूच्या दहा-बारा दगडांवरची नावं वाचली. कुठंच नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नीव्ह. आवाज दबका.

"मला माफ करा. डॅडला मी काल रात्री सांगितलं. तो असा करेल असं वाटलं नव्हतं. दीडला तो जनावरांच्या बाजाराला जातो. तेव्हा मागच्या गल्लीनं या. ग्रॅनीला तुम्हाला भेटायचंय."

"त्यांनी स्वतः सांगितलं?"

"हो. पण," नीव्ह थांबली, "गोड बोलायला बोलावतेय असं समजू नका."

मागच्या दारानं ते स्वयंपाकघरात शिरले. ब्रीड टेबलाच्या टोकाला बसली होती. हाडं मोठी, केस आखूड कापलेले, अंगात पुरुषी स्वेटर. ती उठली नाही. बसा म्हणाली नाही. नीव्ह, अठ्ठावीस वर्षांची, लाल झालेल्या चेहऱ्याची, नळाखाली किटली धरायला गेली.

"ते राहू दे," ब्रीड म्हणाली.

"ग्रॅनी, चहा तरी—"

"राहू दे म्हटलं."

नीव्हनं किटली तशीच ओट्यावर ठेवली. तिच्या चेहऱ्यावरून कल्याणीला कळलं की या घरात आलेल्याला चहा न देणं म्हणजे काय.

ब्रीडनं बाबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळ्यांवर नजर थांबली. आईचे घारे डोळे बाबांकडे आले होते.

"कुणाचे तुम्ही?"

"सिंधुबाईचा. ती ह्यू मॅकअलीरची मुलगी."

"ह्यूला मूल नव्हतं."

"मी इथं उभा आहे," बाबा म्हणाले.

नीव्ह आजीकडे वळली. "पण तू तर म्हणाली होतीस, ह्यू नावाचा कुणी नव्हताच."

"या घरात नव्हता," ब्रीड म्हणाली. "गोठ्याच्या माळ्यावर होता. पस्तीस वर्षं."

मग तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. ह्यू तिचा काका, तिच्या बापाचा, फेलिक्सचा, थोरला भाऊ. अठराव्या वर्षी इंग्लंडच्या राजाच्या सैन्यात गेला. बावीस सालच्या उन्हाळ्यात परत आला तेव्हा फेलिक्सला स्वातंत्र्याच्या चळवळीतला म्हणून पोलिसांनी उचललं होतं आणि बेलफास्टजवळ समुद्रात उभ्या केलेल्या तुरुंगाच्या बोटीवर ठेवलं होतं. खटला नाही, काही नाही. बोटीवर त्याची फुफ्फुसं गेली.

"माझ्या बापाला राजाच्या माणसांनी फरफटत नेलं, आणि महिन्याभरात त्याच राजाचा कोट घालून हा दारात उभा. माझ्या आजीनं दार लावून घेतलं. माझा बाप दोन वर्षांनी सुटून आला. त्यानं त्याला माळा दिला. घर नाही दिलं."

"आणि नाव?" बाबांनी विचारलं.

"नाव कुणी घेत नव्हतं. सोल्जर म्हणायचे. सोल्जरला बोलव, सोल्जरचं जेवण नेऊन ठेव. अठरा वर्षांची होईपर्यंत मला त्याचं नाव माहीत नव्हतं. तो मेला तेव्हा कागदावर वाचलं."

कल्याणीनं बाबांकडे पाहिलं. सोजिराची म्हणून जिला हिणवलं, तिचा बाप इथं सोल्जर म्हणून हिणवला जात होता. तिला ते आत लागलं. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

"त्याचं ताट वेगळं होतं," ब्रीड पुढे म्हणाली. तिला आता थांबायचं नव्हतं. "कप वेगळा, खिडकीच्या बाहेर ठेवलेला. घरातल्या भांड्यांत धुवायचा नाही. मी ताट अंगणातल्या भिंतीवर ठेवायची आणि मागं फिरायची. बोलायचं नाही असा बापाचा हुकूम होता."

बाबा हसले.

ते हसणं वाईट होतं. कल्याणीनं आपल्या वडिलांना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. नीव्ह दचकली. ब्रीडचा चेहरा घट्ट झाला.

"काय हसण्यासारखं आहे?"

"वेगळा कप," बाबा म्हणाले. "मला माहीत आहे तो कप. माझ्या आईला शाळेत पाणी वरून ओतायचे, तिची ओंजळ लांब धरून. भांड्याला हात लागू नये म्हणून. आमची जात तसली. पण ते करणारे परके होते. तुम्ही सख्ख्या भावाला केलंत. तेही एकाच देवापुढं गुडघे टेकणाऱ्यांनी."

"आम्हाला शिकवायला आलात?"

"नाही."

"तुमची माणसं नव्हती त्या राजाच्या पलटणीत?"

"होती. माझे चुलत आजोबा होते. त्यांचा फोटो माझ्या हॉलमध्ये लावलाय. आम्हाला माणूस म्हणून पहिला पगार त्या पलटणीनंच दिला."

"मग तुमचं आणि माझं जमायचं नाही," ब्रीड म्हणाली.

"जमवायला आलो नाही."

कल्याणीला वाटलं, आता संपलं. तिनं पर्स उचलली. पण तिला एक विचारायचंच होतं. त्यासाठीच तर ती एवढ्या लांब आली होती.

"ते कधी बोलायचे का? इंडियाबद्दल? कामठीबद्दल?"

"कुणाशी बोलणार?" ब्रीड म्हणाली. मग टेबलावरच्या प्लॅस्टिकवर तिनं नखानं एक रेघ ओढली, पुन्हा ओढली. "मी ताट ठेवून वळले की काहीतरी म्हणायचा. रोज तेच. मला वाटायचं, शिव्या देतोय."

"काय म्हणायचे?"

ब्रीडनं डोळे मिटले. अडखळत, सगळे उच्चार वेडेवाकडे करत ती म्हणाली, "ये वं पोरी. बस वं."

कल्याणीची आजी सिंधुबाई शेवटची दोन वर्षं हाउन्सलोत होती. शाळेतून आलेल्या कल्याणीला ती रोज हेच म्हणायची, याच शब्दांत, याच सुरात. कल्याणीचे डोळे भरून आले. हेच, तिला वाटलं. हेच न्यायला मी आले होते. तिनं बाबांचा हात धरायला हात पुढे केला.

बाबांनी तिचा हात झटकला. त्यांचा चेहरा काळवंडला होता.

"म्हणजे त्याला आठवत होतं," ते मराठीत म्हणाले. मग ब्रीडला, इंग्रजीत, "हे आमच्याकडे मुलीला म्हणतात. ये गं मुली, बस. स्वतःच्या मुलीला म्हणतात." आणि मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "पस्तीस वर्षं आठवत होतं त्याला! मला वाटायचं, तो विसरला असेल. शिपाई माणूस, दारू पिऊन विसरला असेल. विसरला असता तर मी सोडून दिलं असतं. माझी आई नऊ वर्षांची होती. तिची माय मेली तेव्हा मिशनच्या सिस्टरनं त्याच्या पलटणीला पत्र घातलं. पलटणच नव्हती, पत्र परत आलं. तिला गावाचं नाव माहीत नव्हतं. पण याला तर कामठी माहीत होती! याला एक पोस्टकार्ड टाकता येत नव्हतं? आणि इथं दुसऱ्याच्या पोरीला रोज पोरी म्हणत होता!"

त्यांनी टेबलावर मूठ आपटली. मिठाची बाटली पडली.

"माझ्या घरात ओरडू नका," ब्रीड म्हणाली. "तुम्हाला वाटतं, माझ्याकडे उत्तर आहे? मी एकदाही त्याच्याशी बोलले नाही. एकदाही नाही. बाप मेल्यावर बोलता आलं असतं, तर तोवर हाही मेला होता. जा, त्याला विचारा."

"कुठं पुरलंय?"

अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. नीव्ह खिडकीकडे धावली. "डॅड," ती म्हणाली. गावातल्या कुणीतरी भाड्याची गाडी मागच्या गल्लीत पाहून त्याला फोन केला असणार.

डेक्लन आत आला तो बूट न काढता. तो ओरडला नाही. आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"यांनी काय मागितलं तुझ्याकडे? काही सही करायला सांगितलं?"

"ह्यूला कुठं पुरलं ते विचारतायत."

"कोण ह्यू?"

"चॅपलच्या मागच्या भिंतीला," ब्रीड बाबांकडे बघत म्हणाली. "बापानं घरची कबर उघडू दिली नाही. बाप्तिस्म्याआधी मेलेली बाळं पुरायचे तिथं. जिथं तुमची कबरस्तान कमिटी आता सुकलेली पुष्पचक्रं टाकते, डेक्लन. तिथं."

डेक्लनचा हात तिच्या खांद्यावरून निघाला. "तिथं कुणी नाही. मी वीस वर्षं तिथलं गवत कापतोय. तूच सांगितलंस, तिथं कुणी नाही म्हणून."

"मी सांगितलं," ब्रीड म्हणाली.

तो आईला काही बोलू शकला नाही. म्हणून तो बाबांकडे वळला. "बाहेर. दोघंही. आत्ता." आणि नीव्हला, "तू तुझ्या खोलीत जा." अठ्ठावीस वर्षांची नीव्ह रडत रडत खरंच निघून गेली.

कल्याणीनं गाडी विमानतळाच्या रस्त्याला लावली होती. बाबा म्हणाले, "टेकडीवर घे."

"बास झालं ना, बाबा. प्लीज. यांना आपण नको आहोत. ओके? आय गेट इट नाऊ."

"टेकडीवर घे म्हटलं."

चॅपलच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात माणसाच्या कमरेएवढा ढीग होता. कुजलेली फुलं, तारांची वर्तुळं, हिरवा स्पंज, उन्हानं पांढरी पडलेली प्लॅस्टिकची गुलाबं, 'डॅड' अशी अक्षरं असलेला एक फोमचा तुकडा, फुटलेल्या काचेचे दिवे. बाजूला गवताच्या कापलेल्या पेंढ्या. कुबट वास.

बाबांनी कोट काढून भिंतीवर ठेवला. मग वाकून तारांचं एक वर्तुळ ओढलं आणि बाजूला टाकलं. मग दुसरं.

"बाबा, तुमची पाठ."

ते थांबले नाहीत. थोडा वेळ कल्याणी नुसती उभी राहिली, आणि मग चिडूनच तिनं बाह्या वर केल्या. ढिगातून गांडुळं निघाली, काचेनं तिचं बोट कापलं. बाबा दर दोन मिनिटांनी भिंतीला धरून श्वास घेत होते.

पिकअप गाडी आली आणि डेक्लन उतरला. तो भिंतीपाशी येऊन थांबला.

"ही चॅपलची जागा आहे," तो म्हणाला. "तुम्हाला हात लावायचा अधिकार नाही. मी पोलिसांना बोलावू शकतो."

"बोलवा," कल्याणी म्हणाली. "या. फोटो काढा. नंबर आहेच तुमच्याकडे."

त्यानं फोन काढला. हातात धरला. बाबांनी फोमचा 'डॅड' उचलून हळूच भिंतीवर ठेवला, तो बाकीच्या कचऱ्यात फेकला नाही, आणि पुन्हा वाकले. त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती.

डेक्लननं फोन खिशात घातला. पिकअपकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात लांब दांड्याचं दाताळं होतं. त्यानं ते हातात दिलं नाही, बाबांच्या पायांपासून दोन हातांवर जमिनीत फेकून मारलं. दाते मातीत रुतले.

"हातानं करत बसलात तर ख्रिसमस उजाडेल," तो म्हणाला. "आणि नंतर सगळं तिकडच्या बिनमध्ये टाका. असंच सोडून जायचं नाही."

बाबांनी दाताळ्याकडे पाहिलं. घेऊ नये असं त्यांच्या मनात होतं, ते कल्याणीला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी ते उपसून घेतलं. थँक यू म्हणाले नाहीत.

दोन तास लागले. डेक्लन पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं एकदाही हात लावला नाही आणि तो गेलाही नाही. शेवटी ढीग संपला. खाली काही नव्हतं. दगड नाही, क्रॉस नाही, खुणेचा उंचवटासुद्धा नाही. काळी ओली माती आणि पिवळी पडलेली गवताची मुळं. नेमका कुठं आहे तो, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

कल्याणीनं हात जोडले. "त्रिशरण म्हणू या का, बाबा?"

"तुला म्हणायचं तर म्हण. मी नाही म्हणणार त्याच्यासाठी."

तिला एकटीला म्हणता येईना. शब्द अर्ध्यात अडकले. बाबा नळावर गेले, कोपरापर्यंत हात धुतले, कोट घातला. डेक्लननं दाताळं उचललं, दाते बुटानं साफ केले आणि पिकअपमध्ये टाकलं. मुख्य रस्ता लागेपर्यंत तो त्यांच्या मागे येत राहिला. तिथं त्यानं गाडी वळवली.

"तुम्ही त्याला माफ केलं नाही, मग साफ कशाला केलं?" कल्याणीनं विचारलं. ती आता खरोखरच रागावली होती. बोट ठणकत होतं.

"कचरा होता. काढला."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर."

"माझ्या आईच्या बापावर लोक कचरा टाकणार, आणि मी बघून परत जाणार?" ते म्हणाले. "तो वाईटच होता. पण कचरा टाकायचा तर आम्ही टाकू. यांनी नाही."

हाउन्सलोला परत आल्यावर आठवड्यानं नीव्हचा मेसेज आला. उद्गारचिन्हं नव्हती. ग्रॅनी कुणाशी बोलत नाही. डॅडनं सांगितलंय की पुन्हा संपर्क करू नये. मी बेलफास्टला राहायला जातेय. मला माफ करा. कल्याणीनं वेबसाइट उघडून पाहिली. सगळ्यांत जवळच्या मॅचच्या जागी आता कुणीतरी कॅनडातला लांबचा माणूस होता. ब्रीडचं नाव गेलं होतं.

तिनं बाबांना सांगितलं. ते खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "एक पत्र लिही. कागदावर. इंग्रजीत तूच लिही, तुझं बरं आहे."

"कुणाला? नीव्हला?"

"त्या डेक्लनला. डिअर-बिअर काही घालू नको."

ती पॅड घेऊन बसली. बाबांनी सावकाश सांगितलं आणि तिनं लिहिलं: सिंधुबाई नारायण गजभिये. जन्म कामठी, ऑगस्ट १९२१. मृत्यू लंडन, १९९३. ह्यू मॅकअलीर यांची मुलगी. तिला तीन मुलं, सात नातवंडं.

"एवढंच?"

"एवढंच. दगडावर घाला असं म्हणायचं नाही. मला त्यांच्याकडून काही नको."

"मग पाठवायचं कशाला, बाबा?"

"नऊ वर्षांच्या पोरीसाठी पाठवलेलं पत्र परत आलं होतं," ते म्हणाले. "या वेळी घराचा पत्ता बरोबर आहे."

कल्याणीनं ते पोचपावतीनं पाठवलं. पावती चौथ्या दिवशी आली. घेणाऱ्याच्या सहीच्या चौकटीत डेक्लनचं नाव नव्हतं. मोठ्या, वाकड्या अक्षरांत ब्रीडनं सही केली होती. पत्राचं उत्तर मात्र कधी आलं नाही.